पदव्युत्तर शिक्षणानंतर आंतरराष्ट्रीय ग्रामीण विकासात काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रबंध जमा झाला की आठवड्याभरात प्रश्न यायला लागतात आणि ते दरवर्षी जवळजवळ तेच असतात. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा टाइप करून कंटाळले, म्हणून सगळी एकत्र लिहून ठेवली आहेत. काही ठिकाणी माझं स्वतःचं मत आहे, ते तसं ओळखू येईलच.

या क्षेत्रात माणसं दिवसभर नक्की करतात काय?

बाहेरून वाटतं त्यापेक्षा खूप जास्त वेळ एक्सेलमध्ये घालवतात. जगातल्या अति गरीब लोकांपैकी पाचातले साधारण चार खेड्यांत राहतात. त्यामुळे शेती, पाणी, गुरं, कर्जपुरवठा, जमिनीचे हक्क, पोषण, रस्ते हे सगळंच ग्रामीण विकासात मोडतं. नोकऱ्यांचे प्रकार मात्र मोजके आहेत. कुणी प्रकल्प चालवतं, म्हणजे माणसं, पैसा आणि वेळापत्रक सांभाळतं. कुणी एखाद्या विषयाचं तज्ज्ञ असतं: माती, सिंचन, पशुवैद्यक, बाजारपेठ. कुणी देखरेख आणि मूल्यमापन करतं, कुणी निधी मिळवण्यासाठी प्रस्ताव लिहितं, कुणी संशोधन करतं. 'मला गावांसाठी काम करायचंय' असं म्हणणाऱ्याने यातलं आपण काय करणार हे आधी ठरवावं. अर्ज वाचणारा पहिल्या अर्ध्या मिनिटात तेवढंच शोधत असतो.

पदव्युत्तर पदवी लागतेच का?

संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय पदांसाठी बहुतेक वेळा लागते. पी-२ या सुरुवातीच्या श्रेणीसाठी पदव्युत्तर पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव मागतात. नुसती पहिली पदवी असेल तर अनुभवाची वर्षं वाढतात. पी-३ साठी पाच वर्षं, पी-४ साठी सात. स्वयंसेवी संस्था आणि कंत्राटी कंपन्या इतक्या काटेकोर नसतात. तिथे पदवीपेक्षा तुम्ही आधी काय सांभाळलंय हे बघतात.

विषय कोणता असावा? माझी पदवी 'विकास अभ्यास' या विषयात आहे.

स्पष्टच सांगते. एकट्या विकास अभ्यासाच्या पदवीवर नोकरी मिळवणं अवघड जातं. पदवी वाईट नाही. सत्ता, जात-वर्ग, लिंगभाव, इतिहास या गोष्टी तिथे नीट शिकवतात आणि पुढे त्या कामी येतात. पण जाहिरातीत 'सत्तासंबंधांची जाण' मागत नाहीत. 'घरगुती सर्वेक्षणाचा नमुना ठरवता येणे' मागतात, 'लघुसिंचनाचे आराखडे तपासता येणे' मागतात. कृषी अर्थशास्त्र, जलअभियांत्रिकी, मृदाशास्त्र, पशुवैद्यक, सांख्यिकी, लेखापरीक्षण यांतलं काहीतरी हातात असलेला माणूस लवकर कामाला लागतो. तुमच्याकडे तसं काही नसेल तर वर्षभरात एक हत्यार धारदार करा. नवी पदवी घेत बसू नका.

कोणतं हत्यार?

सर्वांत लवकर दाम देणारी दोन: सर्वेक्षण आणि नकाशे. कोबोटूलबॉक्स किंवा ओडीके वापरून मोबाइलवरची प्रश्नावली बनवणं, जमा झालेला डेटा आर किंवा स्टाटा या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये साफ करणं, क्यूजीआयएसमध्ये नकाशा काढणं. कोबो, ओडीके, आर आणि क्यूजीआयएस फुकट मिळतात, तेव्हा 'संधी मिळाली नाही' ही सबब चालत नाही.

नकाशांना सध्या एक जास्तीचं कारण आहे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये जंगलतोडीविरुद्ध नियम केला. कॉफी, कोको, रबर, पामतेल, सोया, लाकूड आणि गुरांपासूनचा माल युरोपात विकायचा असेल तर तो कोणत्या जमिनीच्या तुकड्यावरून आला त्याचे अक्षांश-रेखांश द्यावे लागणार. नियमाची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली, पण खरेदीदार कंपन्या आणि सहकारी संस्था तयारीला लागल्या. लाखो छोट्या शेतकऱ्यांच्या तुकड्यांच्या सीमा कुणीतरी पायी फिरून नोंदवायच्या आहेत.

लॉगफ्रेमही शिकून घ्या. प्रकल्पाची उद्दिष्टं, कामं आणि ती मोजायची कशी हे एकत्र मांडणारा हा तक्ता, यूएसएड या अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेसाठी १९६९ मध्ये तयार झालेला. प्रत्येक जण त्याला नावं ठेवतो आणि प्रत्येक प्रस्तावाला तोच जोडतो.

अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. सुरुवात कुठून?

चार दारं आहेत आणि प्रत्येकाला आपापली कडी आहे.

पहिलं, संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक योजना. मुख्यालय जर्मनीत बॉन इथे. नाव स्वयंसेवक असलं तरी मासिक निर्वाह भत्ता मिळतो, आणि काम बहुतेक वेळा शेजारच्या टेबलावरच्या पगारी माणसासारखंच असतं. स्वतःच्या देशातली पदंही असतात. कमीपणाचं समजून लोक त्यांच्याकडे वळतच नाहीत. ही चूक करू नका, तिथे स्पर्धा कमी असते.

दुसरं, जेपीओ, म्हणजे कनिष्ठ व्यावसायिक अधिकारी. याचा पैसा एखादा देणगीदार देश देतो आणि सहसा आपल्याच नागरिकांसाठी देतो. वयाची अट बहुधा ३२ ची. नेदरलँड्ससारखे काही देश विकसनशील देशांतल्या उमेदवारांसाठीही काही जागा ठेवतात. पारपत्र कोणत्या देशाचं यावर इतकं अवलंबून असावं का, हा वाद वेगळा. अर्ज करण्याआधी ती अट वाचा एवढंच, कारण अपात्र जागेसाठी तीन-तीन रात्री जागून निबंध लिहिलेले मी पाहिले आहेत.

तिसरं, संशोधन प्रकल्पातला क्षेत्र सहायक. २००३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात सुरू झालेली जे-पॅल आणि तिच्यासारखी गरिबीवर संशोधन करणारी केंद्रं यादृच्छिक चाचण्या करतात, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडलेल्यांना योजना देतात आणि बाकीच्यांशी तुलना करतात. त्यांना गावात वर्ष-दोन वर्षं राहून सर्वेक्षकांची टीम सांभाळणारी तरुण माणसं लागतात. काम दमवणारं आहे. पण त्यातून बाहेर पडलेल्याला डेटा कुठे खोटा वाटतो हे वासावरून कळतं.

चौथं दार सर्वांत कमी चमकदार आणि माझ्या मते सर्वांत भक्कम: एखाद्या देशातली स्थानिक संस्था. पगार बेताचा, व्हिसाचा घोळ, कार्यालयात एक जुना प्रिंटर. पण सहा महिन्यांत तुमच्या हाती बजेट येतं, कारण द्यायला दुसरं कुणी नसतं. मोठ्या संस्थेत पाच वर्षं काढून ज्यांनी एकदाही बजेट सांभाळलेलं नाही अशी माणसं आहेत, आणि मुलाखतीत ते उघडं पडतं.

फुकटच्या इंटर्नशिपबद्दलही विचारतात. रोम किंवा जिनिव्हासारख्या महागड्या शहरात बिनपगारी सहा महिने ज्याला परवडतात त्यालाच परवडतात. परवडत नसेल तर तुम्ही काही गमावलं असं समजू नका.

फील्डवर राहिल्याने असं काय कळतं जे वर्गात कळत नाही?

माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट सांगते. मलावीच्या एका भागात हापशांची तपासणी करायची होती. अफ्रिदेव जातीचे हापसे, त्या भागात सगळीकडे तेच. आमच्या प्रश्नावलीत प्रश्न होता: 'पंप चालू आहे का?' उत्तर हो किंवा नाही. सकाळी अकराला पोहोचलो, पाणी येत होतं, मी 'हो'वर टिचकी मारली. शेजारी हंडा घेऊन उभी असलेली बाई हसली आणि काहीतरी म्हणाली. दुभाष्याने सांगितलं, ती म्हणतेय आता एकदा रिकामा सोडून परत हापसून बघ.

थोडा वेळ थांबलो. मग एका मुलीने हापसायला सुरुवात केली, आणि मी मोजत होते. पाण्याची पहिली धार यायला तिला तीसेक वेळा हापसावं लागलं. आतलं रबरी सील झिजलं होतं, पाणी नळीतून परत खाली जात होतं. ते सील फार महाग नसतं आणि बदलायला अर्धा दिवस पुरतो. पाणी समितीकडे त्यासाठीचा फंड होता, वही होती, पाना होता. खजिनदार बाई होती, कारण आमच्याच प्रकल्पाने महिला खजिनदाराची अट घातली होती. पेटीची किल्ली तिच्या नवऱ्याकडे होती आणि तो हंगामी कामाला बाहेरगावी गेला होता.

अहवालात त्या गावापुढे दोन खुणा आल्या असत्या: पंप चालू, खजिनदार महिला. दोन्ही खऱ्या. त्या संध्याकाळी प्रश्नावली बदलली. 'पाणी येईपर्यंत किती वेळा हापसावं लागतं?' आणि 'किल्ली आत्ता कुणाजवळ आहे?' असे दोन प्रश्न घातले. या दोन प्रश्नांनी मला पुढची दोन कामं मिळवून दिली, कारण मुलाखतीत सांगायला हे होतं.

रॉबर्ट चेंबर्स या अभ्यासकाने या रोगाला फार पूर्वी 'ग्रामीण विकास पर्यटन' म्हटलं होतं. पाहुणे डांबरी रस्त्याच्या कडेची गावं बघतात, कोरड्या ऋतूत जातात, पुढाऱ्यांशी आणि पुरुषांशी बोलतात, आणि जिथे आधीच प्रकल्प आहे तिथेच नेले जातात. आफ्रिकेच्या दक्षिण भागात मक्याची काढणी एप्रिलच्या सुमाराला होते. त्याआधीचे पावसाळी महिने कणग्या रिकाम्या असण्याचे. त्याच महिन्यांत रस्ते चिखलात जातात आणि त्याच महिन्यांत पाहुणे येत नाहीत. तुम्ही जा.

कोणत्या संस्थांकडे लक्ष ठेवावं?

रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तीन आहेत आणि नवखी माणसं त्यांची गल्लत करतात. एफएओ, म्हणजे अन्न आणि कृषी संघटना, स्थापना १९४५, ही ज्ञान आणि धोरणाची संस्था. जागतिक अन्न कार्यक्रम १९६१ चा. तो अन्न आणि रोख मदत पोहोचवतो, म्हणून तिथे पुरवठा साखळी जाणणाऱ्यांना मागणी. आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधी, म्हणजे आयफॅड, १९७७ चा. तो सरकारांना ग्रामीण प्रकल्पांसाठी कर्ज आणि अनुदान देतो. कर्मचारी कमी, पण त्याच्या पैशावर चालणारे प्रकल्प त्या-त्या देशाची सरकारं राबवतात आणि त्यांच्या प्रकल्प कार्यालयांत वेगळी भरती होते. ती जाहिरात आयफॅडच्या संकेतस्थळावर दिसेलच असं नाही. देशाच्या कृषी मंत्रालयाच्या पानावर किंवा स्थानिक वृत्तपत्रात असते.

संशोधनाकडे ओढा असेल तर १९७१ मध्ये उभं राहिलेलं सीजीआयएआर हे शेती संशोधन केंद्रांचं आंतरराष्ट्रीय जाळं बघा: फिलिपिन्समध्ये भात, मेक्सिकोत मका-गहू, नैरोबीत पशुधन, हैदराबादजवळ पाटनचेरूला कोरडवाहू पिकं. यातलं कोरडवाहू प्रदेशांसाठीचं एक केंद्र, इकार्डा, सीरियात अलेप्पोजवळ होतं. युद्धामुळे त्यांना बाहेर पडावं लागलं, आणि २०१५ मध्ये त्यांनी नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या बीजकोषात राखून ठेवलेलं आपलं बियाणं परत मागवलं. त्या कोषातून बियाणं काढण्याची ती पहिलीच वेळ.

मग द्विपक्षीय संस्था, म्हणजे एका देशाची मदत थेट दुसऱ्या देशात नेणाऱ्या: जर्मनीची जीआयझेड, जपानची जायका. विकास बँका. ऑक्सफॅम, केअर, मर्सी कोअर यांसारख्या संस्था. आणि सगळं उत्तरेकडूनच येतं असं नाही. बांगलादेशात १९७२ मध्ये फझले हसन अबेद यांनी सुरू केलेल्या ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेने २००२ मध्ये अति गरीब कुटुंबांसाठी एक कार्यक्रम काढला: आधी जनावरं किंवा व्यवसायाचं साधन, सोबत काही काळ खर्चाला पैसे, प्रशिक्षण आणि नियमित घरभेटी. इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू या सहा देशांत त्याची चाचणी झाली, निष्कर्ष २०१५ मध्ये छापून आले, आणि मग बऱ्याच सरकारांनी तो उचलला.

२०२५ नंतर या क्षेत्रात नोकऱ्या उरल्यात का?

कमी उरल्यात. जो कुणी याचं गोड उत्तर देईल त्याच्यापासून सावध राहा. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली, मार्चमध्ये यूएसएडचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द झाल्याचं जाहीर झालं आणि १ जुलैला १९६१ पासूनची ती संस्था मदत देण्याच्या कामातून बाहेर पडली. दुष्काळाची आगाऊ सूचना देणारं फ्यूजनेटसुद्धा काही महिने बंद होतं. ब्रिटनने २०२१ मध्ये मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ वरून ०.५ टक्क्यावर आणली होती. आता २०२७ पर्यंत ती ०.३ वर जाणार. याचा अर्थ, दहा-पंधरा वर्षांचा अनुभव असलेली माणसं तुम्ही बघताय त्याच जागांसाठी अर्ज करतायत.

म्हणून नोकरीच्या जाहिरातीत मी आता सगळ्यात आधी बघते ते हे की पैसा कुणाचा आहे आणि किती वर्षांचा. एकाच देणगीदारावर उभी असलेली संस्था कितीही चांगली असो, ती एका सरकारी आदेशाच्या अंतरावर असते. विकास बँकांची कर्जं, हवामान निधी, खरेदीदार कंपन्यांच्या पुरवठा साखळ्या आणि त्या-त्या देशांचे स्वतःचे कृषी कार्यक्रम इथला पैसा तुलनेने टिकाऊ आहे. मुलाखतीच्या शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का' म्हणतात, तेव्हा हेच विचारा. कुणी रागावत नाही.

भाषा किती महत्त्वाची?

खूप. नुसत्या इंग्रजीवर तुम्ही अर्ध्या नकाशातून बाद होता. नायजर, बुर्किना फासो, सेनेगल, मादागास्कर इथे फ्रेंचशिवाय सरकारी बैठकीत बसता येत नाही. मोझांबिकला पोर्तुगीज, पूर्व आफ्रिकेत स्वाहिली. एकच निवडायची तर मी फ्रेंच म्हणेन. आणि गावात बोलली जाणारी भाषा निदान नमस्कार-चमत्कारापुरती शिका. दुभाष्या काय गाळतोय हे पकडण्यापुरती आली तर सोन्याहून पिवळं.

सीव्हीत काय लिहावं?

क्रियापद आणि आकडा. उदाहरण देते. 'ग्रामीण समुदायांच्या सक्षमीकरणासाठी विविध घटकांशी समन्वय साधला' हे वाक्य दिवसाला शंभर सीव्हींमध्ये येतं आणि त्यातून काहीच कळत नाही. त्याच माणसाने लिहावं: '४२ पाणी समित्यांच्या हिशेबवह्या तपासल्या, त्यांतल्या ११ ठिकाणी फंड आणि वही जुळत नव्हती, तिथे नवी नोंदपद्धत बसवली.' आता विचारायला काहीतरी आहे.

प्रबंधाचं लांबलचक शीर्षक देऊ नका. किती गावांत राहिलात, किती मुलाखती घेतल्या, कोणत्या भाषेत, डेटाचं काय केलं हे द्या. प्रबंधही अनुभवच आहे, फक्त लोक तो विद्यापीठाच्या भाषेत सांगतात.

मुलाखत कशी असते?

संयुक्त राष्ट्रांत आणि बऱ्याच मोठ्या संस्थांत प्रश्न ठरावीक साच्याचे असतात: 'असा प्रसंग सांगा जेव्हा टीममध्ये मतभेद झाले.' तिथे तुमची मतं नकोत, प्रसंग हवा: परिस्थिती काय होती, तुमच्याकडे काय काम होतं, तुम्ही स्वतः काय केलंत, शेवटी काय झालं. 'आम्ही' म्हणू नका. आपल्याला 'मी केलं' म्हणायचा संकोच वाटतो, पण तिथे 'आम्ही'ला गुण नाहीत. फसलेली एखादी गोष्ट तयार ठेवा, आणि ती खरंच फसलेली असू द्या.

बाहेरून जाऊन दुसऱ्यांच्या गावाचा विकास करायचा आपल्याला काय अधिकार?

हा प्रश्न पडतो ते बरंच आहे. केनियात तुर्काना सरोवराकाठी नॉर्वेच्या मदतीने मासळी गोठवण्याचा कारखाना उभारला होता. तुर्काना लोक मुख्यतः पशुपालक. कारखान्याला लागणारी वीज आणि स्वच्छ पाणी परवडेना, तो काही दिवसांतच बंद पडला. दक्षिण आफ्रिकेत मुलांच्या गरगर फिरणाऱ्या चक्राला पंप जोडायची कल्पना निघाली, २००६ मध्ये तिच्यासाठी कोट्यवधी डॉलर जाहीर झाले. पुढे एका वृत्तपत्राने हिशेब मांडला: एका पंपावर २५०० लोकांचं पाणी काढायचं तर मुलांना दिवसाचे २७ तास खेळावं लागेल. हा गुणाकार आधी कुणी केला नाही याचं मला आजही नवल वाटतं. कारण कल्पना गोंडस होती.

माझ्यापुरतं उत्तर असं की निर्णयाची जागा त्या देशातल्या माणसाची, आणि मी जाणार ती त्याला कमी पडणारं कौशल्य घेऊन. तेच काम करणारा स्थानिक माणूस उपलब्ध असेल तर ती नोकरी माझी नाही. सुदैवाने संस्थाही आता व्यवस्थापनाची पदं स्थानिकांना देऊ लागल्यात. त्याने परदेशी उमेदवारांच्या जागा आणखी घटतात, पण ते योग्यच आहे.

घरचे, लग्न, मुलं?

संयुक्त राष्ट्रांत प्रत्येक ठिकाणाला कठीणपणाची श्रेणी असते, एच आणि मग ए ते ई. ई सर्वांत खडतर. काही ठिकाणी कुटुंब नेण्याची परवानगीच नसते. खडतर ठिकाणी भत्ता मिळतो, ठरावीक आठवड्यांनी सक्तीची विश्रांती मिळते, आणि तरी माणसं तुटतात. जोडीदाराला व्हिसावर काम करता येईल का हे करारावर सही करण्याआधी विचारा. नंतर विचारून उपयोग होत नाही.

पीएचडी करावी का?

संशोधन केंद्रात जायचं असेल तर हो. नोकरी मिळत नाही म्हणून करायची असेल तर नको.

कन्सल्टन्सीचं काय?

पाच-सात वर्षांनंतर. दिवसाच्या दराचा आकडा छान दिसतो, पण वर्षातले किती दिवस विकले जातील ते आधी मोजा. विमा, निवृत्तिवेतन, आजारपणाची रजा सगळं स्वतःच्या खिशातून. शिवाय लागोपाठ कन्सल्टन्सी करणारा माणूस अहवाल लिहितो आणि निघून जातो. त्या अहवालाचं पुढे काय झालं हे त्याला कळत नाही.

नोकरीसाठी प्रक्रिया शुल्क मागितलं. भरू का?

नाही. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था भरतीच्या कोणत्याही टप्प्यावर पैसे घेत नाहीत. अर्जाला नाही, मुलाखतीला नाही, प्रशिक्षणालाही नाही. लोगो हुबेहूब असला तरी ईमेलचा पत्ता नीट वाचा.

अर्ज करून चार महिने झाले, काहीच उत्तर नाही. विचारू का?

एकदा विचारा, दोन ओळींत. मोठ्या संस्थांची प्रक्रिया महिनोन्‌महिने चालते, आणि निवड न झालेल्यांना कळवतीलच असं नाही. कधीकधी नाव राखीव यादीत जातं आणि वर्षाने दुसऱ्याच देशातून फोन येतो. दरम्यान पुढचे अर्ज चालू ठेवा आणि प्रत्येकाची एक प्रत जपून ठेवा. फोन येतो तेव्हा आपण त्यात काय लिहिलं होतं ते आठवत नसतं.